हातावरची दहीसाखर

वरळीच्या एका ऑफिसात माणसं निवडायचं काम मी बरीच वर्षं करते. मुलाखतीला कसं बसावं, काय बोलावं, काय गिळावं, यावर मी तासभर सहज बोलेन. ऑफिसात लोक ऐकतातही. घरी माझं कोण ऐकतंय!

नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा त्याची पंचेचाळिशी उलटली होती. काही महिने घरी काढल्यावर लोअर परळहून एक बोलावणं आलं. मी बजावून सांगितलं, "अहो, वेळेआधी पोचा. उशिरा आलेल्याचं नाव मी स्वतः बाजूला ठेवते."

पण आमची चिंचपोकळीची चाळ! चांगल्या कामाला निघालेल्याच्या हातावर दहीसाखर ठेवायची, आणि ती फक्त घरच्यांनीच ठेवावी असं थोडंच आहे? दार उघडलं तर गॅलरीभर बायका वाट्या घेऊन उभ्या. एकीची घेऊन दुसरीची टाळली, तर वर्षभर तोंड फुगणार. शेवटच्या खोलीतल्या मालवणी मावशीकडची तर साखरच संपलेली. ती शेजारी मागायला गेली. "थांब रे झिला, तोंड गोड करून जा." आणि हा भला माणूस थांबला! मी जिन्याजवळ नुसती घड्याळाकडे बघत राहिले. ओरडणार तरी कुणावर?

व्हायचा तो उशीर झालाच. कारण विचारल्यावर त्याने मीच पढवलेलं उत्तर दिलं, ट्रॅफिक. समोरचे साहेब म्हणाले, "चिंचपोकळीहून? चालत आला असतात तरी पोचला असतात." पाच मिनिटांत हा बाहेर.

त्या साहेबांचा मला भयंकर राग आला. आणखी एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं? पुढच्याच आठवड्यात माझ्यासमोर एक मुलगी उशिरा आली आणि म्हणाली, ट्रॅफिक. मी पेन खाली ठेवलं. "खरं सांग, काय झालं?" ती सांगायला लागली, तोवर शेजारी बसलेल्या माझ्या साहेबांनी पुढच्याला आत बोलावलंसुद्धा. मी पेन परत उचललं.

दुसऱ्या वेळी आम्ही चाळीत कुणाला पत्ताच लागू दिला नाही. इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून नवरा भाजीला निघाल्यासारखा गेला. वेळेआधी पोचला, उत्तरंही चोख दिली. मुलाखत घेणाऱ्या बाई गोड हसून म्हणाल्या, "आम्हाला जरा फ्रेश कुणीतरी हवंय." हे वाक्य मी चांगलं ओळखते हो! वयाचं नाव न काढता आमच्याकडेही हेच म्हणतात. यावर उमेदवाराला काय सल्ला देणार, कप्पाळ?

चाळीत कळायचं ते कळलंच. मावशी भडकली, "न सांगता पाठवलंस ना? मग मिळणार कशी नोकरी?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

परवा तिसरं बोलावणं आलं. आज संध्याकाळी मीच एकेक दार वाजवत गेले. "उद्या ह्यांना दहाला पोचायचंय. आठलाच वाट्या घेऊन या हां, सगळ्या जणी."

मावशीने माझा हात धरला. "तू तर लोकांना नोकरीवर घेतेस. तुला कळत असेल. या वेळी मिळेल ना गो?"

"मला काय माहीत, मावशी," मी म्हटलं. "तू साखर आहे का तेवढं बघून ठेव."