खांड भरली तो मतदानाचा दिवस

आफ्रिकेतल्या एका देशात आम्हाला शांतिसेनेचं पोस्टिंग मिळालं, तेव्हा तिथे पगार थांबले होते, बँका बंद होत्या, सरकार नावापुरतं उरलं होतं. लष्कराची राजवट हवी की निवडून दिलेलं सरकार, याचा कौल एका दिवसात लागायचा होता. मी हवालदार, पेणच्या खारपट्टीतला. माझ्या हाताखाली नायक सलीम, रोह्याजवळच्या निडीचा. आमच्या सेक्शनकडे, म्हणजे दहा जणांच्या तुकडीकडे, एक शाळा राखायला होती. तेच मतदान केंद्र. रोज सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहणं, मग गस्त, मग सलीमचा अतिगोड चहा.

मतदानाच्या दिवशी सातला पाहिलं, तर मतदान होऊ नये म्हणून नदीचा बांध कोणीतरी मुद्दाम फोडलेला. पलीकडच्या गावांची वाट त्यावरूनच होती. लोक कार्डं घेऊन पलीकडे उभे. केंद्र पाचला बंद होणार.

आमच्याकडे बांधाला भगदाड पडलं की घरटी एक माणूस चिखल घेऊन धावतो. त्याला खांड भरणं म्हणतात. हे काम माझ्या हाडात मुरलेलं, म्हणून मी शहाणपणा पाजळला. "पाणी उतरू दे, मग भरू," म्हणून सगळ्यांना बसवलं. दीड तासात पाणी बोटभरही उतरलं नाही.

सलीम हसू दाबत म्हणाला, "उस्ताद, ही धरमतरची खाडी नाय. नदीला हितं ओहोटी कुठली?"

असली चूक खाडीकाठचाच माणूस करू जाणे. मग आमच्याच बंकरपुढच्या वाळूच्या गोण्या उचलून खांडीत टाकायला लागलो. पलीकडून गावकरीही चिखल टाकू लागले. आडोसा संपत चालला होता. रेडिओवर कमांडर साहेबांचा आवाज खरखरला.

"वापस आओ. ओव्हर."

"सर, लोग उस पार हैं. बांध भर रहे हैं. ओव्हर."

मी आणखी दोन गोण्या टाकल्या. मग रेडिओवर, "भरो. आउट."

पावणेचारला वाट झाली. लोक एकेक करून आले. सव्वाचारला झाडीतून फायर आला. शेवटची म्हातारी कार्ड दातांत धरून बांधाच्या मध्यावर होती. सलीम धावत गेला, तिला पुढे ढकललं आणि तिथेच पडला. आम्ही फायर दिला, झाडी शांत झाली. सलीम उठला नाही.

पाचला दहा कमी असताना म्हातारीने मत टाकलं. त्या देशाने निवडून दिलेल्या सरकारला कौल दिला. ते फार चांगलं चाललं असं मी म्हणणार नाही. पण ते त्यांनी निवडलं, बंदुकीने नाही.

आता मी धाटावच्या एका कंपनीत सिक्युरिटीला आहे. शिफ्टच्या बसमध्ये निवडणुकीचा विषय निघाला की कोणी म्हणतो, "कोण पन येवंदे, आपल्याला काय?" माझं टाळकं सटकतं. मी त्याला तिथेच झापतो. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत.

सलीमच्या आईला माझी दीड तासाची चूक मी स्वतः सांगितली. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो दीड तास मला अजून झोपू देत नाही.

गेल्या मतदानाला मी निडीला तिच्याकडे गेलो. तिचे गुडघे गेलेत, म्हणून रिक्षा आणली. तिने ती परत पाठवली.

"माझा पोर लोकांच्या मतासाठी गेला. मी माझ्या मताला चालत जानार हाय."

केंद्राच्या दारापर्यंत मी तिच्या मागे चाललो. आईमागे चालायची ती जागा सलीमची होती.