टेपचं दुसरं टोक

काल भूम गावात आमच्या दुकानासमोरच्या दुभाजकाला पिवळा ऑइलपेंट मारत होते. तो वास आला आणि रस्ता रुंदीकरणाच्या मोजणीची सकाळ आठवली.

डोक्यावर गाठोडं घेऊन फेरी करत करत मी हे कापडाचं दुकान उभं केलं होतं. पायरी जाणार हे मी धरूनच चाललो होतो. पायरी देऊन भिंत वाचवायची, असा सौदा मनात तयार होता. पण टेपवाला पायरी चढला, चपलेसकट गादीवर पाय देत आत आला आणि साड्यांच्या कपाटाशेजारी, पार मागच्या भिंतीवर त्यानं लाल फुली मारली.

"अहो, ही आतली भिंत हाय!" मी ओरडलो.

"रस्त्याच्या मध्यापासून मोजलंय, शेठ. फुली इथंच येतीय."

"अवं, बोला की कायतरी!" बायको म्हणाली. गिऱ्हाइकाशी तासभर भांडणारा मी, पण त्या वेळी कपाटातल्या साड्या उचलून बाजूला ठेवायला लागलो. ओला रंग भिंतीवरून खाली ओघळत होता.

त्या भिंतीमागची मालाची खोली तेवढी उरली, आता तेवढ्याच दुकानात बसतो. समोरच्या सराफाची पायरी आजही जशीच्या तशी आहे. जन्मभर कापड घेताना पट्टी कुठून लावली, ते मी आधी बघितलं. त्या दिवशी मात्र टेपचं दुसरं टोक खरंच मध्यावर होतं का, हे बघायला बाहेर गेलोच नाही.

आज विचारलं, तर रस्त्याचा मध्य म्हणून सगळे त्याच मोजणीवरून बांधलेला हा दुभाजकच दाखवतात.