उलटे तळवे

कोचकोर गावच्या बाजारात सायरागुलच्या जिभेला टरकत नसेल असा एक माईचा लाल नव्हता. नान विकता विकता ती पोलिसाचीसुद्धा सालटी काढायची. येशूला मानायला लागल्यापासून मात्र तिने तोंडाला लगाम घातला. रोज तंदूर पेटवताना एकच प्रार्थना: "प्रभू, माझ्या तोंडचं बोलणं आणि मनातला विचार तुला आवडू दे." तोंड सुधारलं. मन कसलं सुधारतंय!

त्याला कारण समोरची साय विकणारी उल्कान. "बाटलीय ती, तिचे नान खाऊ नका," हे दोन वर्षांपूर्वी बाजारभर हिनेच पसरवलं. निम्मं गिऱ्हाईक तुटलं. सायरागुल तिला रोज हसून सलाम करायची आणि एप्रनखाली तळवे उलटे धरायची. तळवे आभाळाकडे केले की आशीर्वाद, जमिनीकडे केले की शाप.

आज तीच उल्कान नातीला कडेवर घेऊन दुकानाच्या दारात!

"एजे," दोन वर्षांत पहिल्यांदाच ती ताई म्हणाली, "आयपेरीला चौथं लागलं, अजून एक शब्द नाही. जरा थुंका हिच्या तोंडात. तुमची जीभ लागू दे पोरीला."

रीत जुनीच. ज्याचा गुण हवा, त्याची थुंकी.

"नान चालत नाही, थुंकी चालते होय गं?"

उल्कानने मान खाली घातली. पोरीने मात्र पिल्लासारखा आ वासला होता. सायरागुल पुढे वाकली आणि तशीच थबकली. आपण देणार काय हिला? दोन वर्षांचं विष?

"उल्कान, आधी ऐक. रोज तुला शाप दिलेत मी, या एप्रनखाली. माफ कर. देवाला ते कधीच आवडलं नाही. मलाच आवडत होतं."

"तरीच माझी गाय आटली!"

"म्हातारी झालीय ती, आटेल नाहीतर काय!"

दोघींनाही हसू फुटलं. हसता हसता उल्कानने डोळे पुसले. "तुमच्या नानबद्दल मी बोलले, ते खोटं होतं, एजे."

सायरागुलने भर बाजारात तळवे वर केले. "प्रभू, या लेकराच्या मनात गोड ते येवो, ओठांवर तेच येवो. आमच्याही." मग उघड्या तोंडात थुंकीऐवजी गरम नानचा तुकडा घातला.

आयपेरी काही बोलली नाही. मचमच चावून तिने आणखी मागायला बोट दाखवलं. उल्कानने तिला तुकडा दिला, सगळ्यांदेखत एक स्वतःच्याही तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

सायरागुलच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. तिने आधी मनात डोकावून पाहिलं. तिथेही हसूच होतं.

"तुझ्या जिभेवरचं घे थोडं!"