मानेवरची काळी पट्टी

रेवदंड्यापासून नागावपर्यंतच्या समस्त बंगलेवाल्यांना, होमस्टेवाल्यांना, वाडीवाल्यांना आणि त्यांच्या राखणीच्या कुत्र्यांनाही अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की एका सोमवारी सकाळी, प्रार्थना संपल्यावर आणि प्रतिज्ञा सुरू व्हायच्या आधी, इंग्रजी शाळेतल्या सहावीच्या एका मुलीची मान जाहीरपणे पुसण्यात आली. ओल्या कापडानं. फळा पुसायच्या.

मुलगी माझी. मान तिची. कापड शाळेचं.

मी तिथंच होते, हे या नाटकातलं खरं दुर्दैव. जान्हवी डबा विसरली होती, तो द्यायला गेले होते. डोक्यावर पाटी, पाटीत बोंबील आणि मांदेली. व्हरांड्याच्या टोकाला उभी राहिले. मुलं रांगेत. सोमवारी नखं, केस आणि मान बघतात. मिसनं जान्हवीची वेणी उचलली आणि थांबली. मागे मानेवर काळी पट्टी. जाड, मखमलीसारखी. मी रोज वेणी घालते, मला ठाऊक होती. मला वाटायचं, उन्हानं.

"धिस इज हायजीन? जान्हवी, आंघोळ करतेस की नाही?"

मिसनं कापड फिरवलं. दोनदा, जोर लावून. मग कापड सगळ्यांना दाखवलं. कापडावर खडूशिवाय काही नव्हतं.

"निघतसुद्धा नाही, इतका जुना मळ. मासळीच्या घरातून आलं की हे असंच."

मुलं हसली. मुलं हसणारच. मिसनं माझ्याकडे बघितलं, आणि मी पण हसले.

खोटं कशाला सांगू? हसले. माझं तोंड आपोआप हसतं. तीस वर्षं दारोदार मासळी विकली की हसू पाटीबरोबरच डोक्यावर येतं. गिऱ्हाईक म्हणतं मासळी शिळी आहे, आपण हसायचं. गिऱ्हाईक म्हणतं चिखल आणू नकोस आत, आपण हसायचं. त्या दिवशी मी माझ्या पोरीच्या मानेवर हसले, आणि पोरीनं ते बघितलं.

घरी आल्यावर मी तिला न्हाणीत बसवलं. पाय घासायची वजरी घेतली.

"आये, दुखतंय."

"गप."

"आये, नको ना गो."

"उद्या परत हसतील. चाललं तुला?"

मी घासत राहिले. रक्त आलं तेव्हा थांबले. पट्टी होती तशीच होती, आता लाल काठाची. पोर रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत बसली. त्या बघण्यानं मी जेवढी दमले, तेवढी कधी पाटीनं दमले नव्हते.

आता थोडं मागचं सांगते, कारण चूक तिथली आहे.

मी दहा वर्षांची असल्यापासून आईमागून चालले. आमच्या कोळीवाड्यातून चौलच्या वाड्यांमध्ये, तिथून नागाव, आणि परत. आईच्या डोक्यावर मोठी पाटी, माझ्या डोक्यावर छोटी. चौलात एक घर होतं, नारळी-पोफळीच्या मधोमध. लांबलचक ओटा, लाल कोबा, आरशासारखा. एकदा मी त्या ओट्याच्या कडेला टेकले. नुसती टेकले. पायात काटा होता.

आतून बाई आल्या. "ए पोरी, ऊठ. ओटा आत्ताच धुतलाय. वास राहतो तुमचा."

मी उठले. आई हसली. हसू माझ्याकडे कुठून आलं, ते आता कळलं असेल.

त्या दिवशी परत येताना मी ठरवलं, दहा वर्षांच्या अकलेनं, की माझी पोर होईल तेव्हा ती बसेल. मऊ जागी बसेल. कुणी ऊठ म्हणणार नाही तिला.

आमच्याकडे बायकांमध्ये याची चढाओढ चालते, बाहेरच्यांना ठाऊक नाही. बंदरावर होडी यायची वाट बघत बसलो की एक म्हणते, माझी पोर पाटीला हात लावत न्हाय. दुसरी म्हणते, माझी तर पाण्याचा हंडासुद्धा उचलत न्हाय. मी त्या सगळ्यांची महाराणी होते. "माझी जान्हवी व्हय? सकाळी रिक्षात बसते, शाळेत बसते, क्लासला बसते, घरी येऊन खुर्चीत बसते. एक पाऊल टाकू देत न्हाय मी तिला." बाया डोळे विस्फारायच्या. मी पदर सावरायचे. असला मान मला दुसरा कुठं मिळणार होता?

लाल प्लास्टिकची खुर्ची आणली होती तिच्यासाठी. पंख्याखाली. हाताशी फरसाण, कोल्ड्रिंक, मोबाइल. मी संध्याकाळी सहाला यायचे, नवरा होडीवर, शेजारीण दाराला बाहेरून कडी घालायची. समुद्रावर जाऊ द्यायचे नाही. चारनंतर तिथं पर्यटकांच्या चारचाकी मोटारसायकली वाळूत भणाणत असतात, पोरं मधे आली तरी थांबत नाहीत. तेव्हा खुर्ची. मी बाहेर चालायचे, ती आत बसायची. मला वाटायचं, जमलं बाबा. एका जन्मात जमलं.

वजरीची जखम चिघळली म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, चष्मा सारखा घसरत होता. तिनं जखम बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"कुणी घासलं?"

"मी."

"कशासाठी?"

"मळ हाय ना तो."

"मळ नाहीये, ताई."

वजन घेतलं. पोटाचा घेर मोजला. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, मग परत बघितला. रक्त काढायला दिलं. दोन दिवसांनी कागद घेऊन आम्ही परत गेलो, तेव्हा तिनं जान्हवीला समोर बसवून तिलाच सांगितलं, मला नाही. ते मला आवडलं. म्हणाली, आपण खातो ते साखर होऊन रक्तात फिरतं, आणि अंगातल्या स्नायूंनी ते वापरायचं असतं. स्नायू हललेच नाहीत तर शरीर ते ढकलायला जास्त जोर लावतं. त्या जोराची खूण मानेवर उठते. घासून जात नाही.

"आजार झालाय का?" मी विचारलं.

"अजून नाही. साखर काठावर आहे. दाब वयाच्या मानानं जास्त आहे. आज सांभाळलं तर मागे फिरेल. नाही तर ती तुमच्या वयाची व्हायच्या आत हृदयावर येईल. दिवसात खेळते किती?"

आणि इथं, वाचकहो, मी माझं नेहमीचं भाषण ठोकलं. छाती काढून. "एक पाऊल टाकू देत न्हाय मी तिला, बाई."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"तुम्ही दिवसभर चालता ना?"

"व्हय."

"तुमची साखर बघू."

बघितली. माझी एकदम बरोबर. दाब बरोबर. गुडघे सोडले तर बाई ठणठणीत. मला ओट्यावर बसू दिलं नाही चौलच्या बाईंनी, आणि मी तो सूड पोरीवर उगवला. तिला बसवून ठेवलं.

साखरेचं औषध दिलं नाही. कागदावर लिहून दिलं: मानेवरचा रंग हा मळ नाही, घासू नये. पाकिटातलं खाणं आणि कोल्ड्रिंक बंद. रोज एक तास धावणं, खेळणं, घाम येईपर्यंत. खाली सही, शिक्का.

एक तास. कुठं?

शाळेच्या फाटकावर मोठा फलक आहे. त्यावर मैदानात धावणारी मुलं, गोरी, दात काढून. त्याच फलकाच्या मागे खरं मैदान आहे. हिरवंगार, मऊ, भोवती जाळी, जाळीला फाटक, फाटकाला कुलूप. स्नेहसंमेलनाला आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांना उघडतात. प्रार्थनासुद्धा व्हरांड्यात, गवत दबतं म्हणून. खेळाच्या तासाला गणित. हे मला जान्हवीनं त्या दिवशी सांगितलं. मी आधी कधी विचारलंच नव्हतं.

कागद घेऊन मुख्याध्यापिका मॅडमकडे गेले. त्यांनी तो दोन बोटांत धरला.

"अहो मावशी, एका मुलीसाठी ग्राउंड नाही उघडता येत. शिस्त असते. तुम्ही घरी नाचवा तिला. तुमच्याकडे हळदीला रात्ररात्र नाचतात ना सगळे?"

आणि माझं तोंड परत हसायला लागलं. मला ते जाणवलं. ओठ ताणले जात होते, आपोआप, आईचे ओठ. मी दोन्ही हातांनी गाल धरले. खरंच धरले, त्यांच्या समोर. मॅडमना वाटलं दात दुखतोय.

हसले नाही. एवढंच. त्या दिवशी तेवढंच जमलं. घरी जाऊन मी झोपून राहिले, मासळी बर्फात तशीच.

पुढच्या सोमवारी पाटी घेऊनच गेले. प्रार्थना झाली. नखं, केस बघून मिस मानेवर आली. जान्हवीची वेणी उचलणार, तेवढ्यात मी व्हरांड्यात चढले. चपला घालून. त्या व्हरांड्याला पण लाल कोबा आहे, धुतलेला.

"मिस, हात खाली घ्या."

"एक्स्क्यूज मी?"

"हा कागद वाचा. मोठ्यानं. त्या दिवशी मोठ्यानंच बोलला होतात."

मिसनं वाचला. आवाज उतरत गेला, पण वाचला. मळ नाही, घासू नये. आणि तेव्हा मला दिसलं, दुसऱ्या रांगेत एक गोरा मुलगा हळूच कॉलर वर करत होता. बापाचं नागावला मोठं रिसॉर्ट आहे. मी जाऊन कॉलर खाली केली, सांभाळून, पोरगं दुसऱ्याचं. तीच पट्टी. तशीच, मखमली. त्याची मान कुणी कापडानं पुसली नव्हती.

"मिस, याच्या घरात पण मासळी वाळत घालतात काय?"

कुणी हसलं नाही. मी पण नाही.

मॅडम धावत आल्या. हात जोडलेले, डोळे इकडेतिकडे. "ताई, अहो, असं नको. या, केबिनमध्ये या. बसा. बसून बोलू."

शिपायानं खुर्ची आणून ठेवली. गादीची. मी तिच्याकडे बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा असल्या जागी कुणी मला बसा म्हणत होतं. आई असती तर रडली असती. माझे गुडघे तर रडतच होते.

"न्हाय. आता मी उभी राहीन. तुम्ही पोरांना बसवताय, तोवर मी उभी."

माळी गवताला पाणी घालायला जाळीत शिरला होता. फाटक उघडं होतं. मी व्हरांड्यातून उतरले आणि पाटी खाली ठेवली, फाटकाच्या मधोमध, ते बंद होऊ नये म्हणून.

"जान्हवी. पळ."

ती गेली. पहिल्या वीस पावलांत धापा टाकायला लागली. कमरेवर हात. तोंड लाल. थांबली, माझ्याकडे बघितलं, तसंच, न्हाणीतल्यासारखं. मी मान हलवली. परत पळाली. सुंदर वगैरे काही दिसत नव्हतं. पाय फेंगडे पडत होते, बूट चिखलात रुतत होते. मग त्या गोऱ्या मुलानं बूट काढले आणि तो जाळीत शिरला. मग दोन पोरी. मग रांग मोडली.

"मॅडम, मी उद्या येणार. परवा येणार. रोज सकाळी पाटी या फाटकात ठेवणार. मिस या सगळ्यांसमोर, याच जागी, माझ्या पोरीची माफी मागेपर्यंत. आणि नंतरही. नाव काढून टाका तिचं, तरी येणार. दुसऱ्यांच्या पोरांसाठी येणार. मी फार थकलेय, पण चालायची मला सवय हाय. तुम्हाला न्हाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. जान्हवीकडेही नाही. त्या मैदानाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अहो, पण गवत!"