भाकरी तीच, साखर वेगळी

नंदुरबारात हिवाळा लागला की आधी नाकाला कळतं. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानांवर, ओली लाल मिरची पसरली जाते आणि सकाळच्या वाऱ्याबरोबर तिचा ठसका थेट घरात येतो. पाहुणे शिंकून शिंकून बेजार होतात. आम्हाला मात्र तो वास आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. अशाच एका पथारीवर मी उभं आयुष्य मुकादमी केली. आता घरी बसलोय, तरी त्या दिवसांत सकाळी गच्चीवर जाऊन एक लांब श्वास घेतोच. डॉक्टरांनी नको म्हणून बजावलंय, पण त्यांनी काय माझ्याइतकी मिरची पाहिलीय?

तरुणपणी खाण्यात मी कुणाला हार गेलो नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाडीत खापरावरच्या पुरणपोळ्या व्हायच्या. बायको ती पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद टाकायची. मी ती आमरसात बुडवून खात बसायचो. करणाऱ्या थकायच्या, मी थकत नसे. दुपारी ताणून द्यायची आणि संध्याकाळी पुन्हा पानावर हजर. एवढं सगळं गोड जात कुठे होतं, देव जाणे. शरीर कशाचा जाब विचारत नव्हतं. आजही आखाजी जवळ आली की मला त्या पोळीपेक्षा त्या जाब न विचारणाऱ्या शरीराचीच जास्त आठवण येते.

पन्नाशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली. सुरतेला नोकरी करणाऱ्या मुलाने साखर मोजायचं मशीन पाठवलं आणि आमच्या घराला फौजदार मिळाला. फौजदार म्हणजे माझी बायको. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण मशीनवरचा आकडा ती माझ्याआधी वाचायची. भात बंद झाला, बटाटा बंद झाला, गव्हाची पोळी सणापुरती उरली. ज्वारीची भाकरी, मेथीची नाहीतर डाळीची भाजी, आणि वर तिची नजर. तेवढ्यावर साखर ताळ्यावर आली आणि पावसाळा बरा गेला.

मिरचीचा हंगाम सुरू झाला तशी साखर पुन्हा चढायला लागली. भाकरी तीच, भाजी तीच, आणि आकडा दोनशेच्या पार.

“आज काय खादं?” बायकोने विचारलं.

“तूच दिन्ही ती भाकर.”

“मंग साखर काय हवामाईन उनी?”

मी चिडलो. चिडलेला माणूस चोर दिसतो, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. ती माझ्या सदऱ्याचे खिसे हुंगू लागली. गुळाचा डबा फळीवरून तिच्या ट्रंकेत गेला. शेजारच्या रिक्षावाल्याला तिने परस्पर विचारलं की हे स्टेशनजवळ जिलेबीच्या गाडीपाशी थांबतात का. तो शहाणा म्हणाला, रोज तिथूनच जातात. जातो रोज तिथूनच! पथारीचा रस्ताच तो आहे, काय उडत जाऊ?

त्यात सारंगखेड्याची जत्रा आली. घोडे बघायची मला लहानपणापासून हौस. गेलो, तापीकाठी दिवसभर धुळीत हिंडलो, बिनसाखरेचा चहा पिऊन परतलो आणि दुसऱ्या दिवशी मशीनने माझी अब्रू घेतली. तिने आकडा पाहिला आणि डोक्याला हात लावला.

“तुन्ही शप्पथ, काहीच खादं नई,” मी म्हणालो.

“मन्ही शप्पथ कसाले खातस? मरू का मी?”

त्या दिवशी मला फार लागलं. साखर वाढते, माणसं मरतात, ते समजण्यासारखं आहे. पण इतक्या वर्षांच्या संसारात जिच्याशी कधी खोटं बोललो नाही, तिला माझी शपथ खोटी वाटावी? मी औषध वेळेवर घेत होतो, अर्धी भाकरी खाऊन उठत होतो, आणि घरात माझं स्थान दूध चोरून पिणाऱ्या मांजराचं झालं होतं. मला साखर उतरायला नको होती असं नाही. पण त्याहून जास्त मला तिने एकदा ‘खरं आहे तुमचं’ म्हणायला हवं होतं.

मध्येच अवकाळी पाऊस झाला. मिरची झाकली, पथारी बंद पडली आणि मी काही दिवस घरी झोपून काढले. हंगामात रात्रभर छळणारा खोकला थांबला, गाढ झोप लागली. साखर खाली आली. मला वाटलं, आता तरी हिला कळेल.

“दखा, घरमा ऱ्हायनात तं कशी उतरनी!” ती म्हणाली. म्हणजे तिच्या नजरेखाली चोरी जमली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी कपाळ बडवून घेतलं.

पथारी पुन्हा सुरू झाली त्या सकाळी ती चपला घालून दारात उभी. हातात दोघांचा डबा. म्हणाली, मी येते. मी नको म्हटलं असतं तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं. मी पुढे, ती मागे, असे आम्ही पथारीवर पोचलो. देठ खुडणाऱ्या बायांनी तिला पाहिलं आणि त्यांना दिवसभराची करमणूक मिळाली.

“मावशी, मुकादमवर पहारा ठेवाले उनी का?”

“हाव, मुकादमच चोर शेतस,” बायकोने तिथल्या तिथे सांगून टाकलं. सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या हाताखालची माणसं ती! तरीही आज आठवतं तेव्हा मलाच हसू येतं. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत ती पदराने नाक झाकून बसलेली, भोवती लालच लाल, आणि तिची मान माझ्याबरोबर इकडून तिकडे फिरतेय. पावसात घरी झोपून काढलेले दिवस सोडले, तर लग्नानंतर कधीच आम्ही सबंध दिवस असे एकमेकांसमोर नव्हतो. दुपारी एका डब्यातून जेवलो. तिने माझा प्रत्येक घास पाहिला. मिरचीच्या धुरळ्याने दोघंही खोकत होतो.

संध्याकाळी घरी येऊन मशीन लावलं. साखर चढलेलीच होती.

तिने मशीन हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला. “मन्हा डोयासमोर खादं,” ती हळूच म्हणाली, “मंग कशी वाढनी?” मी विजयाने फुगलो, पण तिच्या आवाजात हार नव्हती, भीती होती. चोरी असती तर ती पकडता आली असती.

सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टर, पण ऐकून घेणारे. त्यांनी जेवणाचं विचारलंच, शिवाय झोप, खोकला, धुरळा, सगळं विचारलं. बिडी ओढता का म्हणाले, तेव्हा मी छताकडे पाहिलं. बिडीला कुठे साखर असते? म्हणून ती घरच्या चौकशीत कधी आलीच नव्हती.

“काका, अन्न शरीरात जळतं तेव्हा चुलीसारख्या ठिणग्या उडतात,” डॉक्टर म्हणाले. “शरीर त्या विझवत असतं. पण धूर, बिडी, जागरण, काळजी यांनी ठिणग्या वाढतात आणि विझवणारं कमी पडतं. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मग इन्सुलिन दार वाजवतं, पण पेशींना ते नीट ऐकू येत नाही. साखर आत जात नाही, रक्तातच फिरत राहते. काल पचलेली भाकरी आज जड होते. आणि साखर वाढली की ठिणग्या आणखी वाढतात.” मिरचीच्या धुरळ्याचा त्यात किती वाटा, हे आपण छातीठोक सांगू शकत नाही, असंही ते म्हणाले. पण बिडी आजपासून बंद, नाका-तोंडाला फडकं, खोकल्यावर औषध आणि रात्रीची झोप.

मी बायकोकडे वळून बघायच्या तयारीत होतो. इतके दिवस मनात घोळवलेली वाक्यं ओठांवर आली होती. तेवढ्यात तीच म्हणाली, “डाक्टर, चूलना धूर बी तसाच का?”

“काकू, तुम्ही अजून चुलीवर करता?”

घरात गॅस होता. पण गॅसवरची भाकरी तिला भाकरी वाटत नसे. लहानपणापासून ती चुलीपुढे बसलेली. त्या हिवाळ्यात माझ्या काळजीने तिला झोपही नव्हती, हे मला तेव्हा ती डॉक्टरांना सांगताना कळलं. डॉक्टरांनी तिला बोट पुढे करायला सांगितलं. घरातल्या मशीनला ते बोट कधी लागलंच नव्हतं, सगळ्या सुया माझ्यासाठी होत्या.

तिचा आकडा माझ्यापेक्षा मोठा निघाला.

तिने डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. जी बाई सणालाही पोळी सगळ्यांना वाढून झाल्यावर उरली तर खायची, ती भर दवाखान्यात पकडल्या गेलेल्या माणसासारखी मला सांगू लागली. “तुमनी शप्पथ, मी काही गोड...”

मी तिला ती शपथ पुरी करू दिली नाही.

“माले माहीत शे,” मी म्हणालो. “तू काहीच खादं नई.”

ती डोळे पुसत राहिली. तिच्या तोंडून जे ऐकायला मी सगळा हिवाळा तळमळलो होतो, ते तिने तिथे बसल्या बसल्या म्हटलंही, की तुमचं खरं होतं. मला तिचा हात धरावासा वाटला आणि लोकांसमोर मी तो धरला.