पहिलं चाक कुणी बसवलं?

रामकिसनमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत त्यांनीच करून दिलेल्या मॉडेलचं हँडल फिरवत होतो. शिपायाने दारातूनच सांगितलं. माझा हात थांबला आणि मुलांना वाटलं, मॉडेल बिघडलं... त्याला आता दीड महिना झाला.

मामा, म्हणजे साऱ्या कॉलेजचेच मामा, परतूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. शिक्षण आठवी. कॉलेजचे सूक्ष्मदर्शक बिघडले की सुट्टीच्या दिवशी सायकलवर यायचे आणि चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. पेशीत एक प्रथिन मोटारीसारखं गरगर फिरतं, त्यावर पेशीची ऊर्जा तयार होते, हे ऐकून ते असे हरखले की आठ दिवसांत भंगारातून त्याचं मॉडेलच करून आणलं. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात, पालकांच्या गर्दीत, त्यांनी विचारलं, "सर, जिनिंगचा एक पट्टा काढला तर सारं बंद पडतं. मंग ह्याचं पहिलं चाक कुणीतरी डोकं लावूनच बसवलं असंल ना?"

दुसऱ्या कामाचे भाग उत्क्रांतीत हळूहळू नव्या कामाला लागतात, एवढं मला ठाऊक होतं. पण ही मोटार नेमकी कशी घडली, ते सांगता येईना. 'वाचून सांगतो' म्हणायला माझं काय जात होतं? पण समोर प्राचार्य होते. मी म्हणालो, "मामा, पेशी म्हणजे तुमचं जिनिंग नाही. आठवीच्या पुढं शिकला असता तर कळलं असतं." सगळे हसले. माझ्याच वर्गातली त्यांची मुलगी तेवढी हसली नाही. "बराबर आहे सर," म्हणत मामांनी पाना पिशवीत टाकला.

ते परत आले नाहीत. सूक्ष्मदर्शक मात्र मुलीच्या हाती दुरुस्त होऊन यायचे. जिनिंग माझ्या रस्त्यावरच. रोज गाडी हळू करायचो आणि तसाच पुढे जायचो. माफी मागायची लाज वाटायची. आज त्या लाजेचीच लाज वाटते. तेराव्याला मुलगी म्हणाली, "बाबा रागावले न्हवते सर. म्हणायचे, सर वाचून राह्यले असतील, सांगतील कधीतरी."

परवा मॉडेल उघडलं. सायकलचं बेअरिंग, जिनिंगचं गिअर, शिलाई मशीनचा दांडा... एकही भाग या कामासाठी बनलेला नव्हता. हेच दाखवून त्यांच्याशी बोलता आलं असतं. "पण जुळवलं तर मीच ना सर?" असं ते नक्की म्हणाले असते, आणि मग खरी चर्चा रंगली असती. काल वर्गात हँडल फिरवत मी आधी मामांचा प्रश्न सांगितला. जे ठाऊक होतं ते सांगितलं आणि मग म्हणालो, "यापुढचं मला माहीत नाही."

कुणीही हसलं नाही.