नापास पेटीचा अहवाल

आमची पापड सुकवायची पेटी नापास झाली होती, आणि तसं मी अहवालात लिहून खाली सही केली. ‘एक वाक्य बदललं असतं तर काय बिघडलं असतं?’ असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. त्यात माझे हितचिंतक होते, दोन नातेवाईक होते, आणि ज्यांनी जन्मात एक पापड सुकवलेला नाही असे प्राध्यापक तर पुष्कळच होते. सगळ्यांना मी एकच सांगितलं की मी परत लिहायला बसले तरी तेच वाक्य लिहीन.

तेव्हा मी रोह्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये आदेश मिळतो, परीक्षा संपल्या की तोही संपतो, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मिळेल की नाही हे विभागप्रमुखांच्या शिफारशीवर ठरतं. अशी माझी नऊ वर्षं झाली होती. शिपायाला दिवाळीची सुट्टी असायची, मला नुसतीच दिवाळी असायची. दरवर्षी एप्रिलपासून कार्यालयात चकरा सुरू व्हायच्या त्या आदेशाचा कागद हातात पडेपर्यंत चालायच्या.

त्या वर्षी वरून परिपत्रक आलं, की यापुढे संशोधन बहुविद्याशाखीय हवं. झालं! ज्या विभागांनी कधी एकमेकांचा चहा घेतला नव्हता ते जोडीदार शोधत फिरायला लागले. इतिहासाने रसायनशास्त्राशी कागदोपत्री लग्न लावलं आणि जुन्या कुलपांच्या गंजावर प्रकल्प काढला. वनस्पतिशास्त्र आणि इंग्रजीने मिळून आवारातल्या झाडांना पाट्या लावल्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आमचे विभागप्रमुख मला म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही वाणिज्यवाल्यांबरोबर काहीतरी करा. फोटो मात्र नीट येऊ द्यात.’

मी ते मनावर घेतलं. हा माझ्या स्वभावाचाच दोष आहे, माझ्या आईनेही तो लग्नाआधी सासरी कळवला होता.

माझं घर पेणला. आमच्या गच्चीवर माझ्या सासूबाई आणि शेजारपाजारच्या सात-आठ बायका पोह्याचे पापड लाटतात. कोलाडच्या हायवेवरचे हॉटेलवाले ते नेतात. पण मृगापासून दसऱ्यापर्यंत ऊन नाही, म्हणून काम नाही. त्या चार महिन्यांत त्यातल्या दोघी लोकांच्या घरी भांडी घासायला जातात आणि एक जण, नवरा नसलेली, सरळ माहेरी जाऊन भावजयीचं बोलणं खाते. पावसातही पापड सुकवता आला तर ती आपल्या घरी राहील, एवढी साधी माझी कल्पना होती. माझ्या नवऱ्याने कंपनीच्या शिफ्टमधून सुट्टी काढून पत्र्याची पेटी जुळवली. आत जाळीचे चार कप्पे, खाली बल्ब, मागे पंखा. कॉलेजने तिला परिपत्रकाचा प्रकल्प ठरवलं आणि दर्शनी बाजूला लावायला स्वतःच्या नावाचं स्टिकर दिलं.

वाणिज्याकडून मला एक विद्यार्थिनी मिळाली, निडी गावची, दुसऱ्या वर्षाची. तिने रविवारी आमच्या गच्चीवर वही घेऊन बसायचं आणि बायकांचा कुठल्या कामात किती वेळ जातो ते लिहायचं. खरं सांगायचं तर तिचं काम मला शोभेचं वाटत होतं. परिपत्रकाचं तोंड बंद करायला दुसरा विषय हवा, म्हणून ती. असा विचार मी केला होता, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

पेटीतून पहिले पापड निघाले तेव्हा मी हवेत होते. दोन तासांत कडक, कागदासारखे सपाट! सासूबाईंनी एक उचलला, कानाशी धरून बोटाने टिचकी मारली आणि गॅसवर धरला. मधे फुगला, कडेला कच्चा राहिला, आणि चिमट्यातच त्याचे तीन तुकडे झाले. उरलेले डब्यात ठेवले, तर चौथ्या दिवशी हात न लावता निम्म्यांना चिरा गेल्या होत्या.

‘असला पापड हॉटेलात पाठवला तर त्याची वरात परत येईल,’ सासूबाई म्हणाल्या.

मी बल्ब बदलले. पंखा कमी केला, जास्त केला. कप्प्यागणिक तापमानाची नोंद ठेवली, आलेख काढले. पापड फुटतच राहिले. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना.

ते मला कळलं गाडीत. सकाळी रोह्याला जाताना निडीला ती मुलगी माझ्या डब्यात चढायची. एके दिवशी तिने वही उघडून माझ्यापुढे धरली. ‘मॅडम, बाया जेवायला दर रविवारी येगळ्या टायमाला का बसतात? कधी अकराला, कधी साडेबाराला. मळभ होतं त्या दिवशी तर एक वाजून गेला.’

‘काम उरकलं की बसत असतील,’ मी म्हटलं.

‘नाय ना. काम तर अर्धंच झालेलं असतंय. मी चार रविवार बघतेय. पापड नरम वाकायला लागला की आजी सगळे उचलून चळत लावतात, वर फडकं टाकतात, पाट ठेवतात. मगच डबे उघडतात.’

त्या घरात माझी अकरा वर्षं झाली होती. ती चळत मी अकरा वर्षं रविवारी-सुट्टीला पाहत होते, आणि माझी ठाम समजूत होती की बायका जेवायला उठतात, कावळ्यांनी पापड ओढू नयेत म्हणून झाकून ठेवतात. उलट होतं. पापड अर्धे सुकले की त्यांना थांबवायचं असतं, आणि तेवढ्या वेळात बायका जेवून घेतात! गाडी रोह्याला लागली तरी मी वहीत बघत बसले होते.

संध्याकाळी घरी जाऊन विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ‘मग? जरा निजवायला नको का त्याला? आतला वलावा वर येतो, मग सावलीत पसरायचा. ह्ये काय सांगायची गोष्ट हाय गो?’

‘मग आई, पेटी करताना का नाही सांगितलंत?’

‘तू इचारलंस कुठं? तू थर्मामीटर घेऊन फिरत होतीस.’

वरचा थर घाईने सुकला की आतलं पाणी कोंडतं. आतून वर यायला त्याला वेळ लागतो. हे प्रकरण मी दरवर्षी फळ्यावर शिकवत होते, आकृतीसकट. पण माझ्या थर्मामीटरला जे दिसलं नाही ते वाणिज्याच्या मुलीने जेवणाच्या वेळा लिहून शोधलं. मला विचाराल तर बहुविद्याशाखीय म्हणतात ते हेच, आणि ते आम्हाला आमची पेटी नापास झाल्यामुळे मिळालं.

मी हे विभागप्रमुखांना उड्या मारतच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, नऊ वर्षं माझी शिफारस त्यांनीच केली होती. पण दहा दिवसांनी पेणला कॉलेजांची संशोधन स्पर्धा होती आणि त्यांना तपासणी समितीच्या फाइलमध्ये एक यशस्वी प्रकल्प हवा होता. ‘पेटी दोन तासांत सुकवते ना? तेवढंच सांगा,’ ते म्हणाले. ‘आणि ताटात मांडायला घरचे उन्हातले पापड आणा. पापडाच्या कपाळावर लिहिलेलं असतं का, कुठे सुकला ते?’

‘सर, ते खोटं होईल.’

‘हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं मॅडम? जूनची यादी मला पुढच्या महिन्यात पाठवायची आहे.’

एवढंच बोलले. आवाजही चढवला नाही. पण मला जे कळायचं ते कळलं.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या भडकतील. आपल्या हातचा पापड पत्र्याच्या पेटीच्या नावावर खपवायचा म्हणजे काय! आणि मनातून मला तेच हवं होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी सुटले असते. त्या उठल्या. डबा काढला आणि एकेक पापड उजेडासमोर धरून निवडायला लागल्या. ‘घेऊन जा,’ म्हणाल्या. ‘माझ्या नावाचं काय हाय? तुझी नोकरी जायला नको.’ सगळ्यात चांगले पंचवीस त्यांनी पिशवीत बांधून दिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ते बांधून देणं मला सहन होईना.

स्पर्धेच्या दिवशी मी दोन पिशव्या नेल्या, एक पेटीच्या पापडांची, एक त्यांच्या. शिवाय घरची एका बर्नरची शेगडी. परीक्षक आमच्या टेबलाशी आले, विभागप्रमुख मागे हसून उभे. मी शेगडी बाहेर काढली तशी एक स्वयंसेवक धावत आला, हॉलमध्ये विस्तव चालणार नाही म्हणाला. ‘मग व्हरांड्यात चला,’ मी म्हटलं आणि शेगडी उचलून चालायला लागले. निडीची मुलगी दोन्ही पिशव्या घेऊन माझ्यामागे, परीक्षक तिच्यामागे, आणि पापड भाजतायत म्हटल्यावर अर्धा हॉल परीक्षकांच्या मागे.

आधी पेटीतला भाजला. तुकडे झाले. मग दुसरा भाजला, तो कडेपर्यंत फुलला. ‘हा फुटला तो आमच्या प्रकल्पाचा,’ मी म्हटलं. ‘हा माझ्या सासूबाईंचा. आमची पेटी नापास आहे. ती का नापास आहे ते आता ही सांगेल.’ मुलीने वही उघडली. तिने जेवणाच्या वेळांपासून सगळं न अडखळता सांगितलं. एक परीक्षक म्हणाले, ‘पण मग यात इनोव्हेशन काय?’ मी म्हटलं, ‘पुढची पेटी. तिच्यात एक कप्पा असा असेल की जिथे ना बल्ब, ना वारा. तिथे पापड नुसते पडून राहतील.’ व्हरांड्यात लोक हसले. बक्षीस झाडांच्या पाट्यांना मिळालं.

अहवालाच्या वेळी विभागप्रमुखांनी मसुदा स्वतः करून आणला. ‘उपकरण यशस्वी’ असं त्यात होतं, माझी सही तेवढी बाकी. मी तो परत केला आणि माझा दिला. तो त्यांनी घेतला, वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण मी माफीही मागितली नाही आणि रडलेही नाही.

जूनमध्ये आदेश आला नाही. यंदा तासांचं गणित बसत नाही, असं कार्यालयातून कळवलं.

त्या दुपारी मी गच्चीच्या पत्र्याखाली बायकांमध्ये जाऊन बसले. पावसाआधीचा शेवटचा घाणा चालू होता. मी पोळपाट ओढला, एक गोळी घेतली आणि लाटायला लागले. पहिला पापड लांबुळका झाला, दुसरा फाटला. मला राग आला होता आणि तो त्या पिठावर निघत होता.

सासूबाईंनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

‘लाटायला माझ्याकडं बाया हायत,’ त्या म्हणाल्या. ‘तुला कोणी बसवलं गो इथं? नोकरी त्यांची होती, त्यांनी घेतली. पेटी तुझी हाय. पाऊस दारात आलाय नि तुझा बिनवाऱ्याचा कप्पा अजून कागदावरच. ह्या सगळ्या काय भांडी घासायला जाऊ देत? ऊठ.’

माहेरी जाणारी ती बाई हातातली गोळी तशीच धरून माझ्याकडे बघत होती. मी उठले, हाताचं पीठ धुतलं आणि पेटीची मागची बाजू खोलायला स्क्रू ड्रायव्हर आणला.